लिनक्स, विंडोज, मॅक आणि लायब्ररी लिंकिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी शब्दयाद्या वर्णमालेच्या क्रमाने लावून देणारं एक छोटं अवजार मी सी आणि सी++ मध्ये लिहिलं आहे. नुसत्या कोडपॉइंटनुसार, म्हणजे युनिकोडमधल्या अक्षराच्या क्रमांकानुसार, क्रम लावला तर ळ हा ल ला चिकटून बसतो, आणि क्ष, ज्ञ हे क आणि ज च्या घरात जाऊन राहतात. कोशात ही मंडळी ह च्या पुढे, शेवटी हवीत. त्यासाठी आयसीयू ही लायब्ररी (भाषेनुसार क्रम लावण्याचे नियम असलेला तयार कोड) वापरावी लागते. कोड लिहायला दोन शनिवार लागले. तो तिन्ही प्लॅटफॉर्मवर लिंक व्हायला, म्हणजे लायब्ररींशी जोडला जायला, किती लागले ते विचारू नका. पण त्या काळात मी जे प्रश्न इतरांना विचारले, तेच आता लोक मला विचारतात, म्हणून हे पान. कमांड आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये अर्थातच रोमनमध्ये टाइप करा.

कंपाइल तर बिनबोभाट झालं. मग शेवटी 'अनडिफाइन्ड रेफरन्स' कुठून आला?

हेडर म्हणजे लग्नपत्रिका. पत्रिकेत नाव छापलंय म्हणून माणूस मांडवात हजर असतोच असं नाही. कंपायलर फक्त पत्रिका वाचतो: या नावाचं फंक्शन आहे, दोन आर्ग्युमेंट घेतं, डबल परत देतं, ठीक. ते फंक्शन प्रत्यक्ष कुठे आहे हे शोधणं लिंकरचं काम, आणि तो लिंकर प्रत्येक प्लॅटफॉर्मवर वेगळा. एरर मजकुरात 'एलडी' किंवा 'एलएनके' दिसलं की हेडरचे पाथ उकरत बसू नका. तिथे काही सापडणार नाही.

लिनक्सवर -एलएम (म्हणजे 'एम' नावाची लायब्ररी जोड) दिल्याशिवाय गणिताची फंक्शन मिळत नाहीत. विंडोजवर मात्र तेच -एलएम दिलं तर तक्रार. हे काय गौडबंगाल आहे?

कारण 'साइन, कॉस, पॉव कुठे राहतात' याचं उत्तर गावागणिक वेगळं आहे. सी भाषेच्या प्रमाणात फंक्शनची यादी आहे. ती कुठल्या फाइलीत ठेवायची हे प्रमाण सांगत नाही. जुन्या युनिक्सने गणित वेगळ्या फाइलीत ठेवलं आणि ग्लिबसीने (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) ती पद्धत आजही पाळली आहे. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरसोबत येणाऱ्या सी रनटाइममध्ये गणित आतच असतं, त्यामुळे 'एम' नावाची लायब्ररी तिथे नाहीच. मॅकवर सगळं लिबसिस्टिम या एकाच लायब्ररीत आहे. लिबएम मागितली तर नाव सापडतं, पण ते लिबसिस्टिमचंच दुसरं दार. मसल या लिनक्सवरच्या दुसऱ्या सी लायब्ररीत सगळं एका लिबसीत, आणि -एलएम म्हणणाऱ्यांची समजूत काढायला एक रिकामी लिबएम ठेवलेली आहे. मिनजीडब्ल्यूमध्येही (विंडोजसाठीचा जीसीसी) तीच सोय.

थ्रेड आणि डीएलओपन (चालताना लायब्ररी उघडणारं फंक्शन) यांची कथा आणखी मजेशीर, कारण तिथे एकाच प्लॅटफॉर्मवर काळानुसार उत्तर बदललं. ऑगस्ट 2021 मध्ये आलेल्या ग्लिबसी 2.34 ने लिबपीथ्रेड, लिबडीएल, लिबयुटिल या सगळ्यांना मुख्य लिबसीत ओढून घेतलं. त्याआधी 2012 च्या अखेरीस आलेल्या 2.17 ने क्लॉक_गेटटाइम हे फंक्शन लिबआरटीतून लिबसीत आणलं होतं. बीएसडी कुळातल्या सिस्टिमवर डीएलओपन आधीपासूनच लिबसीत. म्हणजे नव्या मशीनवर -एलडीएल विसरलात तरी चालून जातं, आणि उबुंटू 20.04 वापरणारा माणूस तीच चूक दाखवत तुमच्या दारात उभा राहतो, कारण तिथे ग्लिबसी 2.31 आहे.

नेटवर्कवर बोलणाऱ्या सॉकेटचंही तसंच. लिनक्स आणि मॅकवर काही द्यावं लागत नाही, विंडोजवर डब्ल्यूएस2_32 लागते, जुन्या सोलारिसवर सॉकेट आणि एनएसएल अशा दोन, हायकू या ऑपरेटिंग सिस्टिमवर नेटवर्क. अक्षरांचे संकेत बदलणारं आयकॉन्व्ह ग्लिबसीत आतच आहे, मॅकवर -एलआयकॉन्व्ह द्यावं लागतं. कुठेही जा, पळसाला पानं तीनच, असं आपण म्हणतो. लिंकरच्या मुलखात ती म्हण चालत नाही.

जाता जाता एक गंमत: कॉसला थेट आकडा दिला, म्हणजे कॉस(0.5), तर जीसीसी हा कंपायलर ते उत्तर कंपाइल करतानाच काढून ठेवतो आणि -एलएम नसतानाही लिंक होतं. व्हेरिएबल दिलं की अडतं. 'कालपर्यंत चालत होतं' म्हणणाऱ्यांपैकी काही जण या खड्ड्यात पडलेले असतात. आणि जी++ (जीसीसीचा सी++ अवतार) तर -एलएम स्वतःहूनच देतो, त्यामुळे सी++ वाल्यांना हा प्रश्न आहे हेच माहीत नसतं.

लायब्ररीचं नाव बरोबर आहे, फाइल जागेवर आहे, तरी 'अनडिफाइन्ड रेफरन्स'. आता?

क्रम बघा. ग्नू लिंकर बाजारातून एकदाच फिरतो. हातात यादी असते, समोर जे दुकान येईल त्यातून यादीतलं तेवढंच घेतो आणि पुढे जातो. पुढच्या दुकानात यादी वाढली तरी मागे वळत नाही. म्हणून -एलएम आधी आणि मेन.ओ नंतर लिहिलं, तर लिबएमच्या दुकानासमोर यादी कोरीच होती. आधी गरजवंत, मग पुरवठादार: मेन.ओ, मग -एलआयसीयूआय18एन, मग -एलआयसीयूयूसी, मग -एलआयसीयूडेटा.

हा नियम खरं तर स्टॅटिक, म्हणजे .ए फाइलींचा, ज्यांचा कोड प्रोग्रॅमच्या आतच जातो. शेअर्ड, म्हणजे चालताना जोडल्या जाणाऱ्या .एसओ लायब्ररीला पूर्वी क्रमाचं एवढं सोयरसुतक नव्हतं. पण उबुंटूने 11.10 पासून जीसीसीला 'ॲज-नीडेड' हा पर्याय आपोआप द्यायला सुरुवात केली. त्या क्षणी गरज नसलेली लायब्ररी त्यामुळे गाळली जाते, मग ती .एसओ असली तरी. एका डिस्ट्रोवर (लिनक्सच्या एका वाणावर) लिंक होतं आणि दुसऱ्यावर नाही, यामागे बऱ्याचदा हेच असतं.

दोन .ए फाइली एकमेकींवर अवलंबून असतील तर 'स्टार्ट-ग्रुप' आणि 'एंड-ग्रुप' यांच्यामध्ये त्यांना ठेवा; लिंकर तेवढ्या गल्लीत फेऱ्या मारतो. एलएलव्हीएमचा एलएलडी, मायक्रोसॉफ्टचा लिंक आणि ॲपलचा लिंकर आधीच्या दुकानांतला माल लक्षात ठेवतात, म्हणून तिथे चुकीचा क्रमही खपतो. माझा सल्ला: क्रम ग्नूच्या शिस्तीने लावा. जो सगळ्यात खडूस, त्याला जे पटतं ते बाकीच्यांना पटतंच.

मग बिल्ड फाइलमध्ये 'विंडोज असेल तर हे, मॅक असेल तर ते' अशी यादी लिहून टाकू का?

नको. मी लिहिली होती. चाळीस ओळींची झाली, आणि ग्लिबसी 2.34 आल्यावर, मग अल्पाइन लिनक्सवर मसल भेटल्यावर, मग एका मित्राने फ्रीबीएसडीवर बांधून बघितल्यावर दर वेळी चुकीची ठरली. मुळात प्रश्नच चुकीचा होता. 'हा प्लॅटफॉर्म कुठला' हे विचारायचं नसून 'हे फंक्शन इथे कोण देतं' हे विचारायचं. त्याचं उत्तर यंत्राकडून काढून घेता येतं.

ऑटोकॉन्फ, सीमेक आणि मेसन ही बिल्ड लावून देणारी अवजारं. ऑटोकॉन्फमधलं एसी_सर्च_लिब्स हेच करतं: आधी एकही लायब्ररी न देता फंक्शन लिंक होतं का बघतं, नाही झालं तर तुम्ही दिलेल्या नावांपैकी एकेक लावून पाहतं. सीमेकमध्ये थ्रेडसाठी 'थ्रेड्स::थ्रेड्स' हे टार्गेट, डीएलओपनसाठी 'सीमेक_डीएल_लिब्स' हे व्हेरिएबल. जिथे गरज नाही तिथे ते रिकामं येतं. मेसनमध्ये फाइंड_लायब्ररीला 'एम' हे नाव देऊन सोबत 'रिक्वायर्ड: फॉल्स' सांगा, म्हणजे नसली तर नसली. आणि स्वतः चाचणीचा तुकडा लिहिणार असाल, तर कॉसला थेट आकडा देऊ नका. वर सांगितलेली गंमत चाचणीतही तितकीच गंडवते.

बाहेरच्या लायब्ररींसाठी पीकेजी-कॉन्फिग, म्हणजे लिंकरला काय द्यायचं ते सांगणारं अवजार. स्टॅटिक लिंक करताना त्याला 'स्टॅटिक' पर्याय द्यायला विसरू नका. एरवी 'लिब्स.प्रायव्हेट' या ओळीतली नावं तो देत नाही, आणि शेअर्डच्या वेळी सुखाने झालेलं लिंक स्टॅटिकच्या वेळी पन्नास एरर देतं. शेअर्ड लायब्ररी आपल्या गरजा स्वतःच्या पोटात लिहून आणते, .ए मात्र नुसतं ऑब्जेक्ट फाइलींचं गाठोडं असतं. तिच्या गरजा कुणीतरी बाहेरून सांगाव्या लागतात.

विंडोजवर .डीएलएल (तिथली शेअर्ड लायब्ररी) तयार झाली, पण .लिब दिसत नाही. आणि .लिब नेमकी स्टॅटिक की डायनॅमिक?

दोन्ही असू शकते, आणि हा गोंधळ मायक्रोसॉफ्टने घातलेला आहे. एक .लिब म्हणजे खरीखुरी स्टॅटिक लायब्ररी. दुसरी इम्पोर्ट लायब्ररी: तिच्यात कोड नसतो, 'हे नाव अमुक डीएलएलमध्ये मिळेल' एवढी पाटी असते. लिंकरला पाटी लागते, प्रोग्रॅम चालताना डीएलएल लागते.

पाटी तयार झाली नाही याचा अर्थ तुमच्या डीएलएलने एकही नाव बाहेर दिलेलं नाही. लिनक्सवर न सांगता सगळी नावं बाहेर दिसतात. विंडोजवर न सांगता एकही नाही. 'डीक्लस्पेक डीएलएलएक्स्पोर्ट' किंवा .डेफ फाइल लागते. सीमेक 3.4 पासून 'विंडोज_एक्स्पोर्ट_ऑल_सिम्बॉल्स' हा शॉर्टकट आहे, आणि घाईत तो बराही वाटतो. पण ग्लोबल व्हेरिएबलसाठी वापरणाऱ्याच्या बाजूला डीएलएलइम्पोर्ट ('हे नाव डीएलएलमधून येतं' ही खूण) लागतंच, तिथे तो शॉर्टकट अपुरा पडतो.

मी उलट बाजूने जातो: लिनक्सवरही '-एफव्हिजिबिलिटी=हिडन' लावतो, म्हणजे तिथेही विंडोजची शिस्त येते. एक्स्पोर्ट करायला विसरलेलं फंक्शन मग माझ्याच लॅपटॉपवर सापडतं, विंडोजच्या बिल्डची वाट बघावी लागत नाही.

माझ्या मशीनवर चालतं, दुसऱ्याच्या मशीनवर 'लायब्ररी सापडत नाही'.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. लिंक झाल्या वेळी लायब्ररी सापडली आणि चालताना सापडली या दोन वेगळ्या घटना आहेत. दुसरीचा शोध लोडर घेतो आणि त्याच्या वाटा प्रत्येक ठिकाणी निराळ्या.

विंडोजवर प्रकरण सोपं आहे, म्हणजे निदान समजायला. आरपाथ (बायनरीतच लिहिलेली शोधायची वाट) नावाची गोष्टच नाही. लोडर आधी .ईएक्सई ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे बघतो, मग सिस्टिमच्या फोल्डरमध्ये, सरतेशेवटी पाथमध्ये. म्हणून डीएलएल .ईएक्सईच्या शेजारी ठेवा. सीमेक 3.21 पासून 'टार्गेट_रनटाइम_डीएलएलएस' या एक्स्प्रेशनने त्या आपोआप कॉपी करून घेता येतात. डेस्कटॉपवर डीएलएल नसल्याची खिडकी उघडते, पण सीआयवर (आपोआप बिल्ड आणि चाचण्या करणाऱ्या सर्व्हरवर) कुणी खिडकी बघायला नसतं. तिथे चाचणी एक शब्दही न बोलता मरते आणि हाती फक्त 0एक्ससी0000135 हा कोड लागतो. हा आकडा लक्षात ठेवा, याचा अर्थ 'डीएलएल मिळाली नाही'. शेवटी 139 असेल तर डीएलएल मिळाली, पण तिच्यात हवं ते फंक्शन नव्हतं, म्हणजे बहुधा जुनीच आवृत्ती उचलली गेली.

लिनक्सवर लोडर .एसओचं सोनेम (आवृत्तीसह नाव) वाचतो, उदाहरणार्थ लिबआयसीयूआय18एन.एसओ.70, आणि आधी बायनरीत लिहिलेल्या वाटा, मग ठरलेल्या जागा धुंडाळतो. त्या जागाही डिस्ट्रोगणिक वेगळ्या: डेबियन-उबुंटूत यूएसआर/लिब खाली आर्किटेक्चरच्या नावाचं फोल्डर, फेडोरात यूएसआर/लिब64. एलडी_लायब्ररी_पाथ हे औषध आहे, जेवण नव्हे. शोध लावायला वापरा, वापरणाऱ्यांना द्यायच्या स्क्रिप्टमध्ये नको. बायनरीतच '$ओरिजिन/../लिब' अशी वाट लिहा; $ओरिजिन म्हणजे 'मी स्वतः जिथे आहे ते फोल्डर'. शेलने तो डॉलर गिळू नये म्हणून एकेरी अवतरणात ठेवा.

इथे एक बारीक काटा आहे. आरपाथ आणि रनपाथ हे दोन वेगळे प्रकार आहेत. बऱ्याच डिस्ट्रोंचे लिंकर आता रनपाथ लिहितात, आणि रनपाथ फक्त थेट मागितलेल्या लायब्ररींना लागू होतो. तुमच्या प्रोग्रॅमला लिबआयसीयूआय18एन सापडते, पण तिला हवी असलेली लिबआयसीयूयूसी त्याच फोल्डरमध्ये असूनही सापडत नाही. उपाय एकच: फोल्डरमधल्या प्रत्येक .एसओवर तिची स्वतःची $ओरिजिन वाट लिहा. पॅचएल्फ हे अवजार त्यासाठीच आहे.

मॅकवर तर लायब्ररी स्वतःच आपला पत्ता सांगते. .डायलिबमध्ये 'इन्स्टॉल नेम' लिहिलेलं असतं. लिंक करताना ते जसंच्या तसं तुमच्या प्रोग्रॅममध्ये उतरतं आणि चालताना तिथेच शोध होतो. होमब्रू या मॅकवरच्या पॅकेज मॅनेजरची लायब्ररी लिंक केलीत तर ॲपल सिलिकॉनवर तो पत्ता ऑप्ट/होमब्रू खाली निघतो, इंटेल मॅकवर यूएसआर/लोकल खाली. ज्याच्याकडे होमब्रू नाही त्याच्याकडे दोन्ही नाहीत. 'ओटूल -एल'ने (एल कॅपिटल) पत्ते बघा, 'इन्स्टॉल_नेम_टूल'ने ते @आरपाथवर वळवा आणि प्रोग्रॅमला '@लोडर_पाथ/../लिब' ही आरपाथ द्या. पत्ता बदलला की फाइलीची सही मोडते, आणि ॲपल सिलिकॉन सहीशिवाय काही चालू देत नाही. शेवटी पुन्हा कोडसाइन करा. डीवायएलडी_लायब्ररी_पाथवर विसंबून राहू नका. 2015 च्या एल कॅपिटनपासून सिस्टिमची संरक्षित शेल मध्ये आली की ते व्हेरिएबल पुसलं जातं.

आणि यूएसआर/लिब मध्ये लिबसिस्टिमची फाइल दिसत नाही म्हणून घाबरू नका. 2020 च्या बिग सरपासून सिस्टिमच्या लायब्ररी एका सामायिक कॅशमध्ये असतात, वेगळ्या फाइली ठेवलेल्याच नाहीत. 'फाइल आहे का' असं तपासून लायब्ररी शोधणाऱ्या जुन्या स्क्रिप्ट तेव्हा एका रात्रीत निकामी झाल्या.

'जीएलआयबीसी_2.34 नॉट फाउंड' असं येतं. नवी ग्लिबसी टाकायला सांगू का?

चुकूनही नाही. ग्लिबसी बदलणं म्हणजे राहत्या घराचा पाया बदलणं. तुम्ही उबुंटू 22.04 वर (ग्लिबसी 2.35) बांधलंत आणि समोरचा 20.04 वर आहे, एवढाच अर्थ. ग्लिबसी जुन्या बायनरीला सांभाळून घेते, नव्या बायनरीला जुनी ग्लिबसी सांभाळत नाही. म्हणून जेवढ्या जुन्या सिस्टिमला आधार द्यायचा, तेवढ्या जुन्या कंटेनरमध्ये बांधा. पायथॉनवाल्यांचं मेनीलिनक्स (बहुतेक लिनक्सवर चालतील अशी पॅकेजं बांधायची पद्धत) याच तत्त्वावर चालतं: मेनीलिनक्स2014 चा पाया सेंटओएस 7, म्हणजे ग्लिबसी 2.17.

आयसीयूबद्दल वेगळं काही?

बरंच. पहिलं, नावं: लिनक्सवरची आयसीयूआय18एन विंडोजवर आयसीयूआयएन होते. सीमेकचं फाइंडआयसीयू हे सांभाळतं, तुम्ही 'आयसीयू::आय18एन' एवढंच म्हणा. दुसरं, आयसीयू प्रत्येक फंक्शनच्या नावाला आवृत्ती चिकटवते. कोडमध्ये यूकॉल_ओपन लिहिलंत तरी लिंकर यूकॉल_ओपन_70 शोधतो. डेबियन 12 वर 72 आहे, उबुंटू 24.04 वर 74. एका आवृत्तीचे हेडर आणि दुसरीची लायब्ररी अशी सरमिसळ झाली की हीच शेपटी एररमध्ये दिसते, आणि खरं तर ही सोयच आहे. रोग लगेच कळतो.

मॅकमध्ये लिबआयसीयूकोअर आहे, तिच्या नावांना शेपटी नाही, आणि ॲपल तिची सगळी हेडर देत नाही. होमब्रूची हेडर आणि ॲपलची लायब्ररी हा संकर टाळा. होमब्रूची आयसीयू 'केग-ओन्ली' असते, म्हणजे मुद्दाम आडबाजूला ठेवलेली. पीकेजी_कॉन्फिग_पाथमध्ये तिची वाट दाखवावी लागते. विंडोज 10 च्या 1903 या आवृत्तीपासून सिस्टिममध्येच आयसीयू.डीएलएल आहे, पण त्यात फक्त सीचे एपीआय, सी++चे नाहीत. विंडोजवर स्टॅटिक आयसीयू वापरत असाल तर 'यू_स्टॅटिक_इम्प्लिमेंटेशन' डिफाइन करा. नाहीतर हेडर डीएलएलइम्पोर्ट गृहीत धरतात.

सगळ्यात वाईट चूक लिंकर दाखवतच नाही. आकार कमी करायला डेटा छाटला आणि त्यात मराठीचे नियम गेले, तर यूकॉल_ओपन अपयशी होत नाही. 'यू_यूझिंग_डिफॉल्ट_वॉर्निंग' अशी सौम्य सूचना देतं आणि मूळ क्रमाने काम चालू ठेवतं. बिल्ड हिरवा, चाचण्या हिरव्या, आणि ळ पुन्हा ल च्या शेजारी. तेव्हापासून माझी पहिली चाचणी 'हळद' आणि 'ज्ञान' या शब्दांची आहे: ज्ञान नंतर यायला हवं, तेही तिन्ही प्लॅटफॉर्मवर.

सगळंच स्टॅटिक लिंक केलं तर कटकट संपेल ना?

काही संपते, काही नवी येते. ग्लिबसी स्टॅटिक केली तर नावावरून नेटवर्कचा पत्ता शोधणारं गेटॲड्रइन्फो तरीही चालताना शेअर्ड लायब्ररी मागतं, आणि लिंकर तसा इशारा देतो. पूर्ण स्टॅटिक हवं असेल तर मसल वापरा. मॅकवर पूर्ण स्टॅटिक प्रोग्रॅमला ॲपलचा पाठिंबाच नाही. मी मधला मार्ग घेतो: आयसीयूसारख्या बाहेरच्या लायब्ररी स्टॅटिक, सिस्टिमच्या डायनॅमिक. एलजीपीएलखालची लायब्ररी स्टॅटिक करण्याआधी मात्र परवान्यातल्या अटी नीट वाचा.

विंडोजवर /एमटी (सी रनटाइम स्टॅटिक) आणि /एमडी (सी रनटाइम डीएलएलमधून) मध्ये काय निवडू?

काहीही निवडा, पण सगळीकडे एकच. मिसळलंत तर एलएनके2038 येतो, आणि तो आला तर देवाचे आभार माना. वेगवेगळ्या डीएलएलमध्ये मिसळलंत तर लिंकर गप्प बसतो, प्रत्येक डीएलएलचा हीप (मेमरी वाटपाचा साठा) वेगळा असू शकतो, आणि एकीने घेतलेली मेमरी दुसरीने सोडली की प्रोग्रॅम कोसळू शकतो. म्हणून ज्या लायब्ररीने मेमरी दिली तिच्याचकडे ती परत करायचं फंक्शन ठेवा. ही सवय लिनक्सवर लागत नाही, म्हणूनच लिनक्सवरून आलेले इथे आपटतात.

प्लगइनची नोंदणी करणारा ग्लोबल ऑब्जेक्ट स्टॅटिक लायब्ररीत टाकल्यावर गायब होतो.

यादीत नव्हता, म्हणून दुकानातून उचललाच नाही. ग्नूमध्ये 'होल-आर्काइव्ह', मॅकवर 'फोर्स_लोड', व्हिज्युअल स्टुडिओ 2015 च्या दुसऱ्या अपडेटपासून '/होलआर्काइव्ह'.

तपासायला कुठली अवजारं?

लिनक्सवर 'रीडएल्फ -डी' (डी स्मॉल) आणि 'एनएम -डी -सी' (दोन्ही कॅपिटल), मॅकवर 'ओटूल -एल', विंडोजवर 'डम्पबिन /डिपेंडंट्स'. एलडीडी सोयीचं आहे, पण अनोळखी बायनरीवर चालवू नका, काही परिस्थितीत ते ती बायनरीच चालवतं. नाव शोधताना एररमध्ये 'सीएक्सएक्स11' दिसलं तर लायब्ररी आणि तुमचा कोड जीसीसी 5 च्या अलीकडच्या-पलीकडच्या एबीआयने (बायनरी पातळीवरच्या करारांनी) बांधलेत. एकाच कंपायलरने दोन्ही पुन्हा बांधा.

लिनक्सवरून विंडोजसाठी क्रॉस-कंपाइल करताना 'डब्ल्यूएस2_32 सापडत नाही', पण फाइल तर समोर दिसतेय.

स्पेलिंगमधलं पहिलं अक्षर बघा. मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजात ते मोठ्या लिपीत असतं, मिनजीडब्ल्यूच्या फोल्डरमध्ये लहान. विंडोजला फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. विंडोज.एच या हेडरचंही तेच. सगळं लहान लिपीत लिहा, दोन्हीकडे चालतं.